सूर संगणकाचा, पट्टी कोणाची?

मोबाइलवर ‘श्रवणचाचणी’ असे शोधले की डझनावारी पाने समोर येतात. हेडफोन लावा, बटण दाबा, सूर ऐकू आला की ‘हो’ म्हणा. दोन मिनिटांत पडद्यावर निकाल येतो. कोणाला ‘तुमचे कान पंचविशीतल्या माणसासारखे आहेत’ असे कळते, तर कोणाला ‘४० डेसिबलचा दोष आहे’ असे. पहिला निकाल वाचून साठी उलटलेले आजोबा खूश होतात, दुसरा वाचून कॉलेजातली मुलगी घाबरते. हे दोन्ही निकाल चुकीचे असू शकतात. त्यातला पहिला जास्त धोक्याचा आहे. घाबरलेली मुलगी निदान डॉक्टरांकडे जाऊन खात्री तरी करून घेईल. खूश झालेले आजोबा टीव्हीचा आवाज आणखी थोडा वाढवून बसतील.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दीडशे कोटींहून अधिक लोकांना कमी-अधिक प्रमाणात कमी ऐकू येते आणि त्यांपैकी सुमारे ४३ कोटी लोकांना उपचार किंवा श्रवणयंत्रासारख्या मदतीची गरज आहे. श्रवणदोष दुखत नाही, दिसत नाही, हळूहळू येतो. त्यामुळे तो मोजणारी चाचणी भरवशाची असणे महत्त्वाचे. ती ज्या सुरावर उभी आहे, तो सूर संगणक कसा काढतो हे समजले की घरच्या चाचणीवर कितपत विसंबायचे हेही समजते.

आकड्यांतून निघणारा सूर

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारे चढउतार. एका सेकंदात असे जितके चढउतार पूर्ण होतात, तितकी त्या सुराची वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. पेटीवरच्या मधल्या सप्तकातली काळी एक दाबली, तर साधारण २७७ हर्ट्झचा सूर निघतो. पण तो एकटा नसतो. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही त्याच्याबरोबर वाजत असतात. त्यांच्या कमी-जास्त मिश्रणामुळेच एकाच पट्टीत वाजणारी पेटी आणि सनई आपण डोळे मिटूनही ओळखतो.

संगीताला रंग देणारे हे उपस्वर कान तपासताना मात्र अडचणीचे ठरतात. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा वळलेला एक अवयव आहे, कॉक्लिया. त्याच्या सुरुवातीच्या भागात उंच पट्टीचे सूर टिपले जातात आणि आतल्या टोकाकडे खालच्या पट्टीचे. ध्वनीची लाट या शंखातून कशी पुढे सरकते आणि कुठे उंचावते, हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले. त्यासाठी त्यांना १९६१चे नोबेल पारितोषिक मिळाले. श्रवणचाचणीत या शंखातली एकेक जागा स्वतंत्रपणे तपासायची असते, म्हणून उपस्वर नसलेला, एकाच वारंवारतेचा शुद्ध सूर लागतो. १७११मध्ये इंग्लंडमधले तुतारीवादक जॉन शोर यांनी तयार केलेला स्वरकाटा असा बराचसा शुद्ध सूर देतो. आजही कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या टेबलावर ५१२ हर्ट्झचा स्वरकाटा असतो. मात्र काटा किती जोरात वाजला हे ठोकणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. आवाज ठरावीक प्रमाणात कमी-जास्त करायचा असेल, तर तिथे विद्युत उपकरण किंवा संगणक हवा.

संगणकाकडे शुद्ध सुराचा साचा तयारच असतो. दहावीच्या त्रिकोणमितीत भेटलेले ‘साइन’ आठवते? कोन वाढत गेला की साइनची किंमत शून्यापासून एकपर्यंत चढते, पुन्हा शून्यावर येते, उणे एकपर्यंत उतरते आणि परत शून्यावर. शुद्ध सुराचा आकार नेमका हाच. प्रोग्राममध्ये एक छोटे फंक्शन लिहायचे आणि त्याला तीन गोष्टी सांगायच्या: वारंवारता किती, सूर किती सेकंदांचा आणि लाटेची उंची किती. फंक्शन त्यानुसार आकड्यांची लांबलचक माळ तयार करते. सीडीसाठी ठरलेल्या पद्धतीत एका सेकंदासाठी असे ४४,१०० आकडे लागतात. प्रत्येक आकडा स्पीकरच्या पडद्याला सांगतो, की या क्षणी तू इथे असायला हवेस. १००० हर्ट्झच्या सुरात एका चढउताराच्या वाट्याला साधारण ४४ आकडे येतात. पायथनमध्ये हे काम चार-पाच ओळींत होते. ब्राउझरमध्ये तर ‘ऑसिलेटर’ नावाची तयार सोय असते. तिला वेगळे काही सांगितले नाही, तर ती ४४० हर्ट्झचा सूर वाजवते.

या साध्या कामातही दोन खाचखळगे आहेत. पहिला सुराच्या दोन टोकांचा. सूर एकदम सुरू केला किंवा मध्येच तोडला, की बारीक ‘टक’ असा आवाज येतो. या ‘टक’मध्ये अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात. समजा, एखाद्याला ८००० हर्ट्झचा सूर ऐकू येत नाही, पण ही ‘टक’ ऐकू आली आणि त्याने बटण दाबले. चाचणी त्याला पास करून टाकेल. म्हणून चांगल्या चाचणीत सूर काही मिलिसेकंदांत हळुवार चढवतात आणि तसाच उतरवतात.

दुसरा खळगा अधिक गमतीचा आहे. सेकंदाला ४४,१०० आकडे असतील, तर त्यांतून जास्तीत जास्त त्याच्या निम्म्या, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंतचाच सूर नीट मांडता येतो. कोणी उत्साहाने फंक्शनला ३०,००० हर्ट्झ असा आकडा दिला, तर संगणक तक्रार करत नाही. तो निमूटपणे आकडे काढतो, पण त्या आकड्यांतून प्रत्यक्षात १४,१०० हर्ट्झचा सूर वाजतो. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतच ऐकू येते. तरीही पडद्यावर ३०,००० लिहिलेले असताना सूर ऐकू येतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, आपले कान वटवाघळाचे! पडद्यावर लिहिलेला आकडा आणि हवेत उमटलेला सूर एकच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

किती मोठा? हा खरा प्रश्न

हे दोन्ही खळगे जाणकार प्रोग्रामर सहज टाळतो. तिसरी अडचण मात्र कितीही हुशारीने ओळी लिहिल्या तरी सुटत नाही. ती आहे आवाजाच्या पातळीची.

फंक्शनला आपण लाटेची उंची शून्य ते एक यांच्यामधल्या आकड्यात सांगतो. एक म्हणजे यंत्राला झेपेल तितकी सगळी. ०.५ सांगितले की पातळी ६ डेसिबलने उतरते, ०.१ला २० डेसिबलने, ०.००१ला ६० डेसिबलने. हे उतरण्याचे गणित अगदी चोख असते. पण उतरायचे कुठून? या सुराने कानाच्या पडद्यावर नेमका किती दाब पडला, हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेले नसते. ते फोनवर, आवाजाचे बटण कुठे आहे त्यावर, हेडफोनच्या जातीवर आणि तो कानात किती घट्ट बसला त्यावर ठरते. जिन्याच्या पायऱ्या एकसारख्या उंचीच्या आहेत, पण जिना तळमजल्यावरून सुरू होतो की तिसऱ्या मजल्यावरून, ते कोणालाच ठाऊक नाही, अशी ही स्थिती.

रुग्णालयातल्या ऑडिओमीटर यंत्राला ते ठाऊक असते. त्याचा ठरावीक हेडफोन एका कृत्रिम कानावर बसवतात, आतल्या मायक्रोफोनने दाब मोजतात आणि प्रत्येक वारंवारतेला यंत्राचा आकडा प्रत्यक्ष दाबाशी जुळवून घेतात. याला कॅलिब्रेशन म्हणतात. तराजूची जशी वेळोवेळी पडताळणी होते, तशी ही जुळणी साधारण दरवर्षी करून घ्यायची असते. शिवाय आपला कान सगळ्या सुरांना सारखा तल्लख नसतो. २५० हर्ट्झचा सूर जेमतेम ऐकू येण्यासाठी तो १००० हर्ट्झच्या सुरापेक्षा पंधरा-वीस डेसिबलने मोठा असावा लागतो. ऑडिओमीटरचा ‘शून्य डेसिबल’ हा निरोगी तरुणांच्या कानांवरून प्रत्येक वारंवारतेसाठी वेगळा ठरवलेला असतो. वेबपानाच्या मागे ही पट्टी नसते. असलीच तरी ती तुमच्या हेडफोनवर मोजलेली नसते.

घरातल्या परिस्थितीचीही भर पडते. डोक्यावरचा पंखा खालच्या पट्टीचे सूर झाकून टाकतो. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला १०० हर्ट्झचा सूर झेपतच नाही. आवाज वाढवला की तो २००, ३०० हर्ट्झचे उपस्वर बाहेर टाकतो आणि आपल्याला वाटते मूळ सूर ऐकू आला. याउलट, ‘१७,००० हर्ट्झ ऐकू येतो का?’ अशा व्हिडिओत तो सूर मुळात असेलच असे नाही, कारण फाइल लहान करताना फार उंच सूर अनेकदा गाळले जातात. न ऐकू आल्याचा दोष मात्र कानावर येतो.

शांत खोलीतली चाचणी

ऑडिओलॉजिस्टकडे शुद्ध सुरांची चाचणी ध्वनिरोधक खोलीत होते. सर्वसाधारणपणे २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झचे सूर एकेका कानाला ऐकवतात. सूर ऐकू आला की तो १० डेसिबलने कमी करतात. ऐकू आला नाही की ५ डेसिबलने वाढवतात. असे खालीवर करत, ज्या पातळीला सूर निम्म्या वेळा तरी ऐकू येतो, ती त्या वारंवारतेची सीमा मानतात. एक कान तपासताना गरजेनुसार दुसऱ्या कानात खळखळाटासारखा आवाज सोडतात, नाहीतर चांगला कान वाईट कानाच्या वतीने उत्तर देऊन मोकळा होतो. कानामागच्या हाडावर कंपक लावूनही सूर ऐकवतात. हाडातून ठीक ऐकू येते आणि हवेतून कमी, असे दिसले तर अडचण बाहेरच्या किंवा मधल्या कानात असते. मळ, पडद्याचे छिद्र, साचलेले पाणी अशी कारणे असू शकतात आणि त्यांतल्या बऱ्याच कारणांवर उपचार आहेत. दोन्हींकडून सारखेच कमी ऐकू येत असेल, तर अडचण आतल्या कानात किंवा नसेत.

या सगळ्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. तो पुष्कळ काही सांगतो. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात रेषा उंच सुरांकडे घसरत जाते. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खाच दिसते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांची ओळख उंच वारंवारतांवर अवलंबून असते. म्हणूनच ‘आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत’ अशी अनेक ज्येष्ठांची तक्रार असते.

इथे पाच-दहा डेसिबलची चूक किरकोळ नसते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ नुसार बोलण्याच्या वारंवारतांमध्ये दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा दोष असेल तर ती व्यक्ती ‘ऐकण्यास कठीण जाणारी’ आणि ७० डेसिबलचा असेल तर ‘कर्णबधिर’ ठरते. प्रमाणपत्र, सवलत, नोकरीतले आरक्षण यांची वाट या आकड्यांवरून जाते. यंत्राची पट्टी पाच डेसिबलने सरकलेली असेल, तर कोणाचा तरी हक्क त्या फटीत पडू शकतो. श्रवणयंत्राची जुळणीही याच आलेखावरून सुरू होते.

बाळ बटण कसे दाबणार?

या चाचणीला ‘ऐकू आले’ म्हणून सांगणारा माणूस लागतो. दोन दिवसांचे बाळ ते सांगू शकत नाही. तिथे संगणकाने काढलेल्या सुरांचा एक विलक्षण उपयोग होतो.

कॉक्लियातल्या बाहेरच्या केसपेशी आलेल्या कंपनांना स्वतः हालचाल करून जोर देतात. त्या नुसत्या टिपणाऱ्या नाहीत. या हालचालीतून कान स्वतःच अगदी मंद आवाज बाहेर टाकतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८मध्ये दाखवले. चाचणीच्या एका प्रकारात बाळाच्या कानात मऊ बोंडी बसवून एकाच वेळी दोन सूर सोडतात, समजा ३२८० आणि ४००० हर्ट्झचे. केसपेशी ठीक असतील, तर बोंडीतल्या मायक्रोफोनला एक तिसरा, मंद सूर सापडतो, २५६० हर्ट्झचा. हा आकडा पहिल्याच्या दुपटीतून दुसरा वजा केला की मिळतो. तो सूर यंत्राने वाजवलेला नसतो, कानाने घडवलेला असतो. झोपलेल्या बाळाने न बोलता दिलेले हे उत्तर!

ही ‘ओएई’ चाचणी काही मिनिटांत होते आणि दुखत नाही. ती केसपेशींपुरतेच बोलते, पुढच्या नसेबद्दल नाही. म्हणून नवजात अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांसाठी मेंदूपर्यंतचा प्रतिसाद टिपणारी ‘बेरा’ चाचणीही लागते. जगभर मान्य असलेला नियम सोपा आहे: एका महिन्याच्या आत प्राथमिक चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय. भाषा शिकण्याचा मेंदूचा काळ थांबून राहत नाही, म्हणून ही घाई. बाळ दचकत नाही, हाकेला वळत नाही अशी शंका असेल, तर ‘उशिरा बोलेल, आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ असे म्हणून थांबू नये.

घरच्या चाचणीला जागा आहे का?

आहे, पण संगणकाला जे नक्की ठाऊक असते तेवढेच त्याला विचारले तर. त्याला पातळी ठाऊक नसते, पण दोन आवाजांमधले प्रमाण नेमके ठाऊक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आणलेले ‘हिअर-डब्ल्यूएचओ’ हे मोबाइल ॲप याच तत्त्वावर चालते. त्यात शुद्ध सूर नसतात. पार्श्वभूमीच्या गोंगाटात तीन अंक बोलले जातात आणि ते ओळखून दाबायचे असतात. गोंगाटाच्या तुलनेत अंक किती खाली गेले तरी कळतात, हे त्यात मोजले जाते. फोनचा आवाज थोडा कमी-जास्त असला तरी दोन्ही एकत्रच कमी-जास्त होतात, प्रमाण बदलत नाही. दुसरा मार्ग म्हणजे हेडफोनच ठरवून टाकणे. एखादी कंपनी स्वतःच्याच इअरफोनसाठी, त्याचे सगळे गुणधर्म मोजून चाचणी बनवते, तेव्हा हरवलेली पट्टी बरीचशी सापडते.

साध्या सुरांचाही घरी एक प्रामाणिक उपयोग आहे, तो म्हणजे तुलनेचा. शांत वेळी, पंखा बंद करून, आवाज अगदी कमी ठेवून १००० आणि ४००० हर्ट्झचा सूर आधी एका कानाला, मग दुसऱ्या कानाला ऐकवा. फरक जाणवला तर इअरफोनच्या बाजू अदलाबदल करून पुन्हा पाहा. फरक इअरफोनबरोबर सरकला, तर दोष इअरफोनचा. तो त्याच कानाशी राहिला, तर कान तपासून घ्यायला हवा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. फार उंच सूर ऐकू आला नाही म्हणून आवाज वाढवत जाऊ नये. सूर जाणवत नसला तरी त्याची ऊर्जा कानात शिरतच असते. चाळिशी-पन्नाशीत १५,००० हर्ट्झच्या पुढचे सूर न ऐकू येणे नेहमीचेच आहे. बोलणे समजायला त्यांची गरज नसते आणि नेहमीची तपासणीही ८००० हर्ट्झवर थांबते.

टीव्हीचा आवाज घरच्यांना मोठा वाटू लागला, गर्दीत बोलणे कळेनासे झाले, कानात सतत शिट्टी वाजू लागली किंवा कामाची जागा गोंगाटाची असेल, तर मोबाइलवरचा निकाल काहीही असो, ऑडिओग्राम काढून घ्यावा. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणे कमी झाले तर ती तातडीची बाब आहे. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी ऐकू येणे परत मिळण्याची शक्यता जास्त. त्या दिवशी ॲप उघडत बसू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी होते. मुंबईत वांद्र्याला १९८३पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवण आणि वाणीदोषांसाठीच काम करते आहे.

चाचणीला गेलात, तर खोलीत शिरण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: ‘या यंत्राचे कॅलिब्रेशन शेवटचे कधी झाले?’ चांगल्या केंद्रात त्याची तारीख यंत्रावर चिकटवलेली असते आणि ती दाखवायला कोणी कां-कू करत नाही.